न वाजलेला गजर

वडिलांसाठी, म्हणजे अण्णांसाठी, ऑक्सिजन मोजणारा डबा निवडायची वेळ आली तेव्हा चिमीने तीनपैकी सगळ्यात बारीक डबा उचलला. अण्णांना घरात दवाखाना नको होता. मोठा डबा पाहून ते म्हणाले होते, "हे धूड उशाशी ठेवलंत तर मी आजच मेलो असं समजा." बारीक डबा मात्र त्यांनी हातात घेऊन उलटासुलटा केला, कडांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "जोड बरा बसवलाय."

अण्णा सुतार होते. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची दारं, खिडक्या, कपाटं केली आणि तितकी वर्षं लाकडाचा भुसा छातीत भरून घेतला. आता नाकाला ऑक्सिजनची नळी आणि बोटाला चिमटा होता. चिमट्यातून आलेला रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा डब्याच्या स्क्रीनवर दिसे. ब्याण्णव, एक्क्याण्णव, पुन्हा ब्याण्णव.

हे डबे चिमीच्याच कंपनीचे. घरात तिला त्रेचाळिसाव्या वर्षीही चिमीच म्हणत, ऑफिसात ती मॅडम होती. डब्यांच्या आत चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम तिची टीम बनवत असे, आणि त्यातला माणसाच्या नजरेला पडणारा भाग, म्हणजे कुठलं बटण दिसावं, कुठलं दिसू नये, ते तिच्या हातात होतं. सिस्टिम एकच, डबे तीन. मोठ्यात सगळं होतं, मधल्यात थोडं कमी, बारक्यात सगळ्यात कमी. डबा सुरू झाला की सिस्टिम आतल्या प्रत्येक भागाला विचारी, तुला काय काय येतं? उत्तरांची यादी होई आणि यादीत असेल तेवढंच स्क्रीनवर येई. हा नियम चिमीने भांडून आणला होता. आधी सगळी बटणं सगळ्या डब्यांवर दिसत, जी चालत नसत ती करडी. चिमी मीटिंगमध्ये म्हणाली होती, "करडं बटण म्हणजे बंद दुकान. माणूस शटर वाजवत बसतो. त्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय. डब्याला जे येत नाही ते दाखवूच नका." तो नियम सगळ्यांना पटला, आणि चिमीला त्याचा अभिमान होता.

तिने स्वतःच्या हाताने अण्णांचा डबा लावला. सेटिंगमध्ये जाऊन गजराचं बटण सरकवलं, आकडा अठ्ठ्याऐंशीवर ठेवला. बटण हिरवं झालं. आई दारात उभी राहून बघत होती.

"म्हणजे आता मी सारखं येऊन बघायला नको?"

"काही गरज नाही. अठ्ठ्याऐंशीच्या खाली गेलं की हा बोंब मारेल. तू तुझं काम कर."

आईचं काम म्हणजे शिवण. पलीकडच्या खोलीत तिचं मशीन होतं आणि शाळेच्या गणवेशांचे ढीग. अण्णा आजारी पडल्यापासून ती दर दहा मिनिटांनी उठे, त्यामुळे निम्मं शिवण उसवावं लागे. त्या दिवसापासून ती सलग बसू लागली. आठवड्याने फोनवर म्हणाली, "चिमे, तुझ्या डब्याने मला माझी दुपार परत दिली गं."

पाच आठवड्यांनी, एका दुपारी, अण्णा गेले. झोपेत कूस बदलताना नाकातली नळी सुटली असावी. आई चार वाजता चहा घेऊन गेली तेव्हा नळी गालावर होती आणि स्क्रीन लाल होती.

डॉक्टर म्हणाले, नळी सुटल्यामुळे गेले की श्वास थांबत आला म्हणून तगमग होऊन नळी सुटली, हे सांगता येणार नाही. वेळेवर कुणी पोचलं असतं तर? डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला. "कदाचित. खरं सांगायचं तर फुप्फुसं संपत आली होती. पण कदाचित."

ते 'कदाचित' आईने उचललं आणि पदरी बांधून घेतलं.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती तेच सांगे. "मशीन चालू होतं माझं. तो बिचारा डबा ओरडत असणार. मला ऐकूच आलं नाही, चहा घेऊन गेले तेव्हासुद्धा कानात काही शिरलं नाही. बाह्या जोडत होते मी. आणखी दोन जोडते आणि उठते, असं म्हणत बसले." लोक म्हणत, असं मनाला लावून घेऊ नका. ती मान हलवी आणि पुढच्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सांगे. चौथ्या दिवशी तिने मशीनवर चादर टाकली. गणवेश अर्धे तसेच परत पाठवले.

दहाव्या-बाराव्या दिवशी ती चिमीला म्हणाली, "हा डबा ने बाई इथून. तो दिसला की माझ्या कानात वाजतो."

चिमीने तो नेला. तिच्या मनात एक विचार होता. डबा प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवतो. गजर जर दोन-तीन मिनिटंच वाजला असेल, तर आईला सांगता येईल की तू धावत आली असतीस तरी उपयोग नव्हता. शनिवारी सकाळी ऑफिस रिकामं असताना तिने डबा टेबलावर ठेवला आणि नोंद उघडली.

दोन एक्केचाळीस: गजर सुरू. चार तीन: चिमटा काढला, गजर बंद.

एक तास बावीस मिनिटं. हे आईला सांगण्यासारखं नव्हतं. मग तिला वाटलं, निदान आवाज किती मोठा आहे ते बघू. कदाचित बारक्याचा आवाज इतका बारीक असेल की शिलाई मशीनपुढे तो कुणालाच ऐकू गेला नसता. तिने चिमटा स्वतःच्या बोटाला लावला. सत्त्याण्णव. गजराचा आकडा वाढवून नव्व्याण्णववर नेला.

स्क्रीन लाल झाली. मोठ्या अक्षरात शब्द आले: 'गजर वाजत आहे.'

खोलीत पंख्याचा आवाज होता. तिने उठून पंखा बंद केला. डबा कानाला लावला. आतून काहीच येत नव्हतं, साधी खरखरसुद्धा नाही. लाल स्क्रीन तिच्या गालावर होती आणि ती गजर वाजत असल्याचं सांगत होती.

तिने ड्रॉवरमधून छोटा स्क्रू ड्रायव्हर काढला आणि डबा उघडला. स्पीकरची जागा रिकामी होती. बोर्डावर दोन भोकं होती, जिथे तारा जोडतात ती. त्यांत कधीच काही जोडलेलं नव्हतं.

पुढचं समजायला तिला पाच मिनिटंही लागली नाहीत. डबा बारीक करायचा म्हणून स्पीकर काढला गेला होता. पण आवाज तयार करणारी चिप बोर्डावर तशीच होती. सिस्टिमने विचारलं, तुला आवाज काढता येतो? चिप म्हणाली, येतो. ते खोटं नव्हतं. तिच्या तारेच्या टोकाला काही आहे का, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. अशाच गोष्टींसाठी प्रत्येक मॉडेलचा एक तक्ता हाताने भरायचा असे, त्यात एक रकाना होता: स्पीकर आहे की नाही. तक्ता भरायचं काम चिमीचं. बारक्याच्या रकान्यात 'आहे' लिहिलेलं होतं. तिने मधल्या डब्याचा तक्ता उचलून तिथे चिकटवला होता.

इथवर ती चूक म्हणता आली असती. तिने तक्रारींची जुनी यादी उघडली आणि खाली खाली जात राहिली.

त्यांच्याकडे तपासणीचं काम करणारा एक मुलखाचा चिकट माणूस होता. तो इतक्या शंका काढी की त्याचं नाव शंकासूर पडलं होतं, आणि त्यालाही ते आवडे. सात महिन्यांपूर्वीची नोंद त्याचीच होती. 'बारक्या डब्यावर गजराचं बटण दिसतं. दाबलं की हिरवं होतं. आवाज येत नाही.' खाली उत्तर होतं. 'नमुन्याच्या डब्यांना स्पीकर बसवलेला नाही. विक्रीच्या डब्यांना असेल. तक्रार बंद.' उत्तराखाली चिमीचं नाव. शंका आणि उत्तर यांत चार मिनिटांचं अंतर.

तिला ती दुपार आठवत नव्हती. तिने खूप प्रयत्न केला, पण ती एक साधी, घाईची दुपार असणार. स्पीकर काढल्याचं पत्रही तिच्या मेलमध्ये सापडलं, न उघडलेलं.

सोमवारी तिने आधी शंकासूरला गाठलं. तो डबा बघून म्हणाला, "मॅडम, मी लिहिलं होतं."

"माहीत आहे. पुन्हा का नाही विचारलंस?"

तो हळूच म्हणाला, "दुसऱ्या कुणी बंद केली असती तर विचारलं असतं. तुम्ही बंद केलीत. मला वाटलं, तुम्हाला माहीत असणार."

त्याला अण्णांचं कळलं होतं, पण डबा कुठला ते माहीत नव्हतं. ते चिमीने सांगितलं तेव्हा तो खुर्चीत बसला आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून तसाच राहिला.

साहेबांच्या खोलीत मात्र बसायची सोय नव्हती. साहेब येरझाऱ्या घालत होते. बारके डबे अकराशे घरांत गेले होते.

"अपडेट पाठवा," ते म्हणाले. "बटण काढून टाका. आजच. संपला विषय."

"निम्म्याहून जास्त डबे नेटला जोडलेलेच नाहीत, सर. म्हातारी माणसं आहेत. त्यांना फोन करावे लागतील. पत्रं लागतील."

"पत्रात काय लिहिणार?"

"या डब्यात गजर नाही. कधीच नव्हता. त्यावर विसंबू नका."

साहेबांनी वकिलांकडून मसुदा मागवला. तो दोन दिवसांनी आला: 'विशिष्ट परिस्थितीत ध्वनिसूचना ऐकू न येण्याची शक्यता नाकारता येत नाही.' चिमीने तो वाचला आणि म्हणाली, "सर, माझी आई हे वाचून म्हणेल की आपलेच कान गेलेत. ती तसंच म्हणतेय." मग तिने दोन पानी कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यात शंकासूरची नोंद होती, तिचं उत्तर होतं, तारखा होत्या, अण्णांच्या डब्याची नोंद होती, आणि खाली तिची सही. "हे मी तुम्हाला देतेय. तुम्ही दाबून ठेवलंत तर मी बाहेर देईन."

साहेबांनी कागद वाचला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी विचारलं, "हे घरी सांगितलंत?"

तिने मान हलवली. नाही.

रोज संध्याकाळी ती ठरवी, आज सांगायचं. रोज आईकडे जाई, भांडी घासे, औषधांच्या रिकाम्या बाटल्या आवरे आणि न सांगता परत येई. शब्द ओठांशी यायचे आणि आई म्हणायची, "तू होतीस म्हणून बाई निभावलं." मग चिमी पुढचं भांडं घासायला घेई. आईने तेवढ्यात स्वतःच एक काढलं. तिला कान तपासून घ्यायचे होते. "एकदा कळू दे. बहिरी असेन तर बहिरी. निदान कारण तरी कळेल." चिमीने वेळ ठरवली. ती स्वतः आईला घेऊन गेली.

काचेच्या लहानशा खोलीत आईला बसवलं. कानांवर मोठे हेडफोन, हातात एक बटण. आवाज आला की दाबायचं. चिमी बाहेर बाकावर होती, तिला काचेतून आईचा हात दिसत होता. आईने डोळे मिटले होते, कपाळाला आठ्या होत्या. अंगठा दाबला जाई, सुटे, पुन्हा दाबला जाई. तपासणाऱ्या बाई समोरच्या स्क्रीनवर टिंबं मांडत होत्या. एकही आवाज सुटला नाही.

"वयाच्या मानाने झकास कान आहेत, आजी," बाई हसून म्हणाल्या. "माझ्यापेक्षा बरे."

आई कॉरिडॉरमध्ये येऊन बाकावर बसली. कागद तिने हातात घट्ट धरला होता. मग म्हणाली, "म्हणजे मला आला होता आवाज."

"आई..."

"आलाच असणार. मी ऐकलं आणि उठले नाही. तेवढ्या बाह्या होऊ देत म्हटलं असेन." तिचा आवाज चढला नाही, ती हिशेब समजावल्यासारखं बोलत होती. "कंटाळले होते गं मी. खरं सांगते, फार कंटाळले होते. मनात कुठेतरी असेल, वाजू दे."

"आई, तो वाजला नाही."

आईने तिच्याकडे पाहिलं.

"तो वाजलाच नाही. त्याच्यात स्पीकरच नाही. गजराचं बटण आहे, पण गजर नाही. बटण दिसायलाच नको होतं. ते माझं काम होतं. मला एका माणसाने लिहून सांगितलं होतं, आणि मी नीट न बघता ती तक्रार बंद केली."

शेजारच्या बाकावरच्या बाई उठून दुसरीकडे गेल्या. आई कागदाची घडी घालत राहिली. एक घडी, तिच्यावर दुसरी.

"तुला कधी कळलं?"

"नऊ दिवस झाले."

"नऊ दिवस." आईने पुन्हा घडी घातली. "आणि तू मला इथे आणलंस."

"मला जमलं नाही सांगायला."

"मी त्या काचेत बसले होते, चिमे. देवा, एक तरी आवाज ऐकू येऊ देऊ नको, म्हणून बसले होते. आणि तू बाहेरून बघत होतीस."

ती उठली. चिमी मागोमाग गेली तेव्हा तिने हात वर केला, फक्त तळवा दाखवला. बसस्टॉपपर्यंत ती एकटी चालत गेली. बस आली, ती चढली. खिडकीशी बसली, पण बाहेर बघितलं नाही.

पुढचे दोन महिने ती फोन घेई. जेवलीस का? जेवले. बरं आहे ना? आहे. येऊ का? नको.

पत्रं गेली. चिमीने लिहिली तशीच गेली, वकिलांच्या एका ओळीची भर पडून. फोन करायला चौघं होते, त्यांत चिमी आणि शंकासूर. चिमीने आपलं पद सोडलं होतं. ती आता शंकासूरच्या हाताखाली होती आणि तो तिला अजून मॅडमच म्हणत होता. एक आजोबा म्हणाले, "म्हणजे मुकाच आहे की हो! मी आपला बायकोला सांगायचो, बघ, आवाज नाही, म्हणजे तू ठणठणीत." आणि मोठ्याने हसले. मग मध्येच हसणं थांबलं आणि ते म्हणाले, "थांबा हं, जरा तिला बघून येतो." एका बाईने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "हे फेब्रुवारीतसुद्धा असंच होतं?" चिमी हो म्हणाली. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला नाही, काहीच आवाज आला नाही. चिमी अकरा मिनिटं फोन धरून बसली. शेवटी त्या बाई म्हणाल्या, "माझा भाऊ होता," आणि फोन बंद झाला.

अण्णांखेरीज असे गेलेले आणखी दोघे निघाले. चिमीने दोन्ही नावं साहेबांना लिहून दिली, आणि त्या घरी ती स्वतः गेली. एका घरी तिला दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्या घरी त्या बाईंनी आत घेतलं, भावाचा फोटो दाखवला आणि म्हणाल्या, "तुम्ही आलात ते एक बरं केलंत. पण पुन्हा येऊ नका."

सिस्टिम बदलली. आता तक्त्यावर आणि चिपच्या शब्दावर कुणी विसंबत नाही. डबा पहिल्यांदा लावताना आवाज काढतो आणि विचारतो, 'ऐकू आला का?' माणसाने हो म्हटल्यावरच गजराचं बटण दिसतं. शंकासूरने ते तीन आठवडे तपासलं, ज्याचं त्याचं डोकं खाल्लं, आणि या खेपेला कुणी कुरकुर केली नाही.

नंतर एका सकाळी आईचा फोन आला. तिने स्वतःहून केलेला हा पहिलाच.

"खालच्या मजल्यावरचे विचारत होते," ती म्हणाली. "त्यांच्या सासऱ्यांसाठी. तुमच्या कंपनीचा डबा घ्यावा का म्हणून. काय सांगू?"

"मोठा घ्यायला सांग. बारका नको. आणि लावताना समोर वाजवून बघा म्हणावं. दुसऱ्या खोलीत जाऊन, दार लावून."

"बरं." आई लिहून घेत असावी. "आणि तरी नाही वाजला तर?"

"तर काय... डब्यावर सगळं सोडू नका म्हणावं. मध्येमध्ये जाऊन बघा."

"मध्येमध्ये जाऊन बघा," आई सावकाश म्हणाली. मग, "मी अजून रागावलेली आहे."

"हो."

"जाईल असं वाटत नाही."

"हो, आई."

"जेवलीस?"

"अजून नाही."

"हं," आई म्हणाली, आणि तिने फोन ठेवला नाही. चिमीनेही ठेवला नाही. पलीकडे कुणीतरी जिना उतरत होतं, कुकरची शिट्टी होत होती, आणि आई श्वास घेत होती. चिमी ते सगळं ऐकत राहिली.